हद्दाद म्हणजे कोणते?

2025 च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातील पोलिसांनी गणवेशावरील आणि टेबलावरील नामफलकांवरून आडनावे काढून टाकली आणि अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सर्वांना पहिल्या नावानेच संबोधावे असे ठरवले. आडनाव दिसले की जात दिसते आणि जात दिसली की आपल्याला न्याय मिळेल का, अशी शंका समोरच्याच्या मनात येते, तेव्हा त्या शंकेला जागाच ठेवू नये, असा त्यामागचा हिशेब होता. या निर्णयाचे कौतुक झाले आणि थोडी थट्टाही झाली, पण आडनाव झाकल्याने नेमके काय झाकले जाते, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. आपल्याच आडनावांविषयी आपल्याला अलिप्तपणे बोलता येत नाही, कारण बोलणाऱ्याचे आडनाव कळताच ऐकणारा त्याच्या म्हणण्याचे वजन परस्पर ठरवून मोकळा होतो. म्हणून येथे एक दूरचे आडनाव घेतो. ते अरबी आहे, अर्थाने साधे आहे आणि आपल्या गावगाड्यात त्याला नेमका जोडीदारही आहे. ते आडनाव हद्दाद, म्हणजे लोहार.

शब्द दूरचा वाटला तरी त्याचा सख्खा भाऊ मराठीच्या घरातच नांदतो. हद्दाद ज्या अरबी धातूपासून झाला त्याच धातूपासून ‘हद्द’ झाला. शिवाराची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द, सरहद्द, हद्दपारी, आणि कोणी फारच ताळतंत्र सोडले म्हणजे ‘हद्द झाली’ हा उद्गार, इतका तो आपल्यात मुरला आहे. अरबीत ‘हद्द’ म्हणजे सीमा, आणि तलवारीची धारही. ‘हदीद’ म्हणजे लोखंड. कुराणाच्या सत्तावन्नाव्या सुऱ्याचे नावच अल-हदीद आहे. ‘हिदाद’ म्हणजे मृत्यूनंतर सजण्यासवरण्यापासून स्वतःला आवरून पाळलेला शोक, आणि ‘हुदूद’ म्हणजे धर्मशास्त्राने आखून दिलेल्या शिक्षा. धार आणि अडवणूक या दोन कल्पना या सगळ्या शब्दांच्या पोटात आहेत. म्हणूनच जुन्या अरबी कोशांत ‘हद्दाद’ या शब्दाला लोहाराबरोबर आणखी एक अर्थ दिलेला आढळतो: दरवाजावरचा पहारेकरी किंवा तुरुंगाचा रखवालदार, म्हणजे माणसांना अडवणारा. एखाद्या जुन्या घराण्याचा मूळपुरुष ऐरणीवर घण घालत होता की किल्ल्याच्या दारात भाला घेऊन उभा होता, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. आडनावांचे अर्थ एका ओळीत देणाऱ्या याद्या ही अडचण सहसा नोंदवत नाहीत.

त्याच याद्यांत दुसरी एक चूक वारंवार दिसते. प्राचीन सिरियात हदद नावाचा वादळाचा देव पुजला जाई आणि हद्दाद हे आडनाव त्या देवावरून आले, असे अभिमानाने सांगितले जाते. देवनागरीत लिहिले की हे पटण्याजोगे वाटते, कारण आपल्याकडे ‘ह’ एकच आहे. अरबीत दोन आहेत, एक घशातून दाबून काढायचा आणि दुसरा नुसत्या श्वासाचा. लोहाराचा ‘ह’ पहिला आणि देवाचा ‘ह’ दुसरा, त्यामुळे त्या दोन शब्दांचे नाते आपल्या ‘पान’ आणि ‘पाणी’ यांच्याइतकेच आहे. पूर्वज कारागीर निघण्यापेक्षा देव निघाला तर बरे, असे वाटणे मात्र सार्वत्रिक दिसते. आपल्याकडेही प्रत्येक जातीचा इतिहास लिहिताना सूर्यवंश आणि चंद्रवंश यांची आठवण होतेच.

हद्दाद हा शब्द ज्या साच्यात घडला आहे तो साचाही मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. धातूतले मधले व्यंजन दुहेरी करायचे आणि त्यापुढे दीर्घ ‘आ’ लावायचा की ते काम सदोदित करणाऱ्याचे नाव तयार होते. नज्जार म्हणजे सुतार, खय्यात म्हणजे शिंपी, खब्बाज म्हणजे भटारी, सब्बाग म्हणजे रंगारी, खय्याम म्हणजे तंबू करणारा. याच साच्यातले सर्राफ, दल्लाल, हम्माल, बज्जाज आणि अत्तार हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, थोडे झिजले आणि सराफ, दलाल, हमाल, बजाज, अत्तार होऊन बसले. त्यांतले काही आडनावेही झाले. अशोक सराफ किंवा चित्रकार दीनानाथ दलाल ही नावे ऐकून कोणाला अरबस्तान आठवत नाही, आणि आठवण्याचे कारणही नाही. मुतालिक तर सबंध अरबी शब्द आहे. इनामदार, मुजुमदार आणि मिरासदार यांच्यात अरबी अंगाला फारसी शेपूट आहे. ही आडनावे धारण करणाऱ्या बहुतेकांचा धर्म अरबांचा नाही आणि इनामे तर कधीच गेली. शब्द एका भाषेचा, माणूस दुसऱ्या समाजाचा आणि धंदा तिसराच, अशी स्थिती आपण आपल्या घरात रोज पाहतो. तरीही आडनाव ऐकताच माणूस कळला असे आपल्याला वाटते.

अरबी माणसाच्या नावात परंपरेने आडनाव असा ठरीव भाग नव्हताच. त्याचे स्वतःचे नाव असे. मुलाच्या नावावरून अबू अमुक किंवा उम्म अमुक ही आदराची हाक असे. बिन किंवा बिंत लावून वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव जोडता येई. गाव किंवा टोळी सांगणारे विशेषण असे, बगदादी, तमीमी असे. आणि याशिवाय ‘लकब’ असे, म्हणजे लोकांनी ठेवलेले नाव. हद्दाद हे अशा लकबांपैकी एक. लकब एका माणसाला चिकटे आणि त्याच्याबरोबर संपूनही जाई. ते मुलाकडे आणि नातवाकडे वारशाने गेले तरच घराण्याचे नाव होई, आणि तसे का व्हावे याला प्रत्येक ठिकाणी वेगळा योगायोग असे.

यातला सर्वांत सुंदर योगायोग येमेनच्या पूर्वेकडील हद्रमौत प्रांतातल्या तरीम गावचा आहे. तेथील इमाम अब्दुल्लाह बिन अलवी अल-हद्दाद (1634–1720) हे आपल्या काळचे मोठे संत आणि ग्रंथकार होते. लहानपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी रचलेला ‘रातिब अल-हद्दाद’ हा प्रार्थनापाठ आजही केरळपासून इंडोनेशियापर्यंत हिंदी महासागराच्या काठाकाठाने म्हटला जातो. हे घराणे बा-अलवी सय्यदांचे, म्हणजे प्रेषितांच्या वंशाचे मानले जाणारे, तेथील सामाजिक उतरंडीत सर्वांत वरचे. मग त्यांच्या नावात लोहार कोठून आला? घराण्यात सांगितली जाणारी हकिकत अशी की त्यांचे अहमद नावाचे एक पूर्वज गावातल्या लोहाराच्या दुकानात जाऊन बसत असत. गावात अहमद पुष्कळ होते, तेव्हा नेमका कोणता अहमद हे सांगण्यासाठी लोक म्हणू लागले, तो लोहाराकडचा अहमद. कदाचित ऐरणीपाशी चार माणसे जमत असतील, गप्पा होत असतील. आपल्याकडेही पारावर बसणाऱ्याला असे नाव पडते. पुढे हे नाव सय्यदांच्या घराण्याला कायमचे राहिले आणि त्यांनी ते टाकून दिले नाही. आडनावाचा अर्थ लोहार, पण हातात कधी घण नाही, असे हे घराणे आहे. (याच हद्रमौतमधून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज आज मराठवाड्यात चाऊस या आडनावाने राहतात. तो शब्द अरबी नाहीच. तुर्की लष्करातला तो एक हुद्दा आहे. अरबाचे आडनाव तुर्की आणि मराठी सराफांचे आडनाव अरबी, असा हा व्यवहार आहे.)

तरीमच्या शेजारी आणखी दोन हद्दाद ठेवून पाहावेत. नवव्या शतकातले निशापूरचे सूफी अबू हफ्स अल-हद्दाद हे खरोखर लोहारकाम करीत. बाजारातून जाणाऱ्या कोणाच्या तोंडचे कुराणपठण ऐकून ते इतके हरपले की भट्टीतले तापलेले लोखंड त्यांनी हातानेच उचलले, अशी आख्यायिका सूफी चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. दुसरे अल्जीरियातील कबिलिया प्रांताचे शेख अल-हद्दाद. त्यांच्या घराण्यात लोहारकाम चालत असे, तेथल्या बोलीत त्यांना अहेद्दाद म्हणत, आणि ते रहमानिया या सूफी पंथाचे प्रमुख होते. 1871 साली फ्रेंचांविरुद्ध मोकरानी या मोठ्या सरदाराने उठाव केला. पण 8 एप्रिलला या वृद्ध शेखाने आवाहन केले तेव्हा तो उठाव सरदाराचा न राहता गावोगावच्या सामान्य लोकांचा झाला. शेख कैदेतच वारले. एकाचा हात खरोखर निखाऱ्यात, दुसऱ्याचा पिढीजात धंदा मागे राहिलेला, आणि तिसऱ्याच्या पूर्वजाची लोहाराशी नुसती बैठक. तिघांच्या नावांचा कोशातला अर्थ मात्र एकच.

हे आडनाव इतके पसरले का, याचे उत्तर त्याच्या दुर्मीळपणात आहे, आणि हे विधान वाटते तितके उफराटे नाही. ज्या गावात शंभर घरे शेतकऱ्यांची असतात तेथे कोणाला ‘शेतकरी’ म्हणून ओळखता येत नाही. लोहार मात्र गावात एखादाच असतो, आणि नांगराच्या फाळापासून घोड्याच्या नालापर्यंत सर्वांचे त्याच्यावाचून अडते. ओळख पटवण्यासाठी असे नाव फार सोयीचे. एकेका गावातला एकेक लोहार धरला तरी हजारो गावांत हजारो स्वतंत्र हद्दाद घराणी उभी राहतात, ज्यांचा एकमेकांशी रक्ताचा काडीइतकाही संबंध नसतो. इंग्रजांचे स्मिथ, जर्मनांचे श्मिट आणि हंगेरीतले कोवाच हे सगळे याच मार्गाने संख्येने वाढले. त्यामुळे जगभरचे हद्दाद एका कुळाचे असे समजून वंशवृक्ष काढू जाणाऱ्याच्या हाती झाड न येता झुडपांचे रान येते. काही रोपटी मात्र खरोखर वाढली. पॅलेस्टाइनमधील रामल्लाह हे गाव सोळाव्या शतकात जॉर्डन नदीच्या पलीकडून आलेल्या राशिद हद्दादीन नावाच्या ख्रिस्ती माणसाच्या कुटुंबाने वसवले, अशी तेथली परंपरा आहे, आणि भट्टीला लाकूड मिळेल म्हणून त्यांनी ती झाडीची टेकडी पसंत केली असेही सांगतात.

लेबनॉन, सिरिया, जॉर्डन आणि पॅलेस्टाइन या टापूत हद्दाद विशेषतः ख्रिस्ती घरांत दाट आढळतात, पण तेथेच थांबत नाहीत. ट्युनिशियात स्त्रियांच्या हक्कांसाठी 1930 साली ग्रंथ लिहून सनातन्यांचा रोष ओढवून घेणारे ताहर हद्दाद मुसलमान होते. झैतूना विद्यापीठात शिकलेला हा माणूस 1935 साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी उपेक्षेत वारला आणि 1956 सालच्या कौटुंबिक कायद्यात त्याच्या विचारांचा पुष्कळसा अंश उतरला. त्याच ट्यूनिस शहरात 1947 साली जन्मलेले फ्रेंच लेखक ह्युबेर हद्दाद ज्यू आहेत. बहारीनचे कवी कासिम हद्दाद आहेत. दक्षिण लेबनॉनमध्ये इस्रायलच्या पाठबळावर वेगळे सैन्य उभारणारे मेजर साद हद्दाद ग्रीक कॅथलिक होते. ब्राझीलचे फर्नांदो हद्दाद हे लेबनॉनमधून गेलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घराण्यातले; साओ पावलोचे महापौर झाले, 2018 साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले आणि 2023 मध्ये अर्थमंत्री झाले. त्यांचे आजोबा धर्मगुरू होते आणि वडिलांचे साओ पावलोत कापडाचे दुकान होते. म्हणजे नावाने हद्दाद आणि धंद्याने बजाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉनच्या डोंगरांतून जी माणसे अमेरिका खंडाकडे निघाली त्यांच्यापाशी ऑटोमन साम्राज्याची कागदपत्रे असत, त्यामुळे ब्राझीलमध्ये त्यांना तुर्क म्हणत. इंग्रजी मुलखात गेलेल्या काही हद्दादांनी नावाचे सरळ भाषांतर करून स्मिथ हे नाव घेतले. एका शब्दाने इतक्या धर्मांत, इतक्या देशांत आणि इतक्या धंद्यांत संसार थाटले, आणि हद्दाद म्हटले की लोहाराचे पोर असे तेथे कोणी समजत नाही.

येथे थांबून ‘पाहा, त्यांच्याकडे कसा कारागिराला मान होता’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ते खोटे आहे. वाळवंटातल्या टोळ्यांना हातकाम करणाऱ्याविषयी तुच्छता होती. जुन्या अरबीत लोहाराला ‘कैन’ असा दुसरा शब्द आहे, आणि उमय्या काळातला कवी जरीर आपला प्रतिस्पर्धी फरझदक याची निंदा करताना त्याला पुन्हा पुन्हा लोहाराचा पोर म्हणून हिणवतो, तेव्हा तो हाच शब्द वापरतो. एकाच धंद्याचा एक शब्द शिवी झाला आणि दुसरा घराघराचे आडनाव झाला. अरबस्तानाच्या मध्यातल्या नज्द प्रांतात टोळीचा वंश सांगणारे आणि कारागीर समजले जाणारे यांच्यात विवाहसंबंध टाळण्याची रीत आजही पुरती गेलेली नाही. सौदी अरेबियात 2005 साली एका न्यायालयाने पतीचा वंश पत्नीच्या तोडीचा नाही या कारणावरून, पत्नीच्या भावांच्या तक्रारीवर, दोन मुले असलेल्या एका जोडप्याचा विवाह त्यांच्या इच्छेविरुद्ध रद्द ठरवला होता. तो निकाल वरच्या न्यायालयाने फिरवायला 2010 साल उजाडले. हद्दाद हे आडनाव निरुपद्रवी झाले ते शहरांत आणि डोंगरी गावांत, जेथे धंदा सोडता येत होता आणि धंदा सोडल्यावर कोणी पाठीवर हात ठेवून जुन्या धंद्याची आठवण करून देत नव्हते. आडनावात विष नव्हते आणि अमृतही नव्हते. धंद्यातून बाहेर जायची वाट उघडी होती की बंद, यावर सगळे अवलंबून होते.

आणि जेथे धंद्यावरून भेद उरला नाही तेथे भेद दुसऱ्या वाटेने आलाच. लेबनॉनच्या ओळखपत्रावर माणसाचा पंथ लिहिलेला असे. 1975 साली यादवी सुरू झाल्यावर रस्त्यारस्त्यांवर नाकी उभी राहिली आणि ओळखपत्रावरचा तो रकाना वाचून माणसे मारली गेली. ‘ओळखीवरून हत्या’ असा शब्दप्रयोगच तेथे रूढ झाला. ओळखपत्रावरूनही निश्चित होत नसे तेव्हा टोमॅटो दाखवून याला काय म्हणतात असे विचारत, अशी आठवण त्या पिढीचे लोक सांगतात, कारण लेबनीज माणूस ‘बनदूरा’ म्हणे आणि पॅलेस्टिनी ‘बंदोरा’. एका स्वराच्या फरकावर जीव जाई. यादवी मिटवणाऱ्या 1989 च्या ताइफ कराराने ओळखपत्रावरून पंथ काढून टाकण्याचे ठरवले, आणि 2009 मध्ये नागरी नोंदवहीतूनही तो खोडून घेण्याची मुभा मिळाली. तरीही राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट पंथाचा ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया ही वाटणी कायम राहिली. रकाना कागदावरून गेला, खुर्चीवरून गेला नाही.

आडनाव लावणे आणि काढणे हे दोन्ही अधिकार राज्यसंस्थेने किती वेगवेगळ्या हेतूंनी वापरले आहेत, हेही याच टापूत पाहता येते. शेख अल-हद्दाद यांचा उठाव मोडल्यावर अकरा वर्षांनी, 23 मार्च 1882 च्या कायद्याने फ्रेंचांनी अल्जीरियातील प्रत्येक मुसलमान कुटुंबाला ठरीव आडनाव घ्यायला लावले. जमिनीची मालकी, कर आणि बंदोबस्त यांसाठी माणूस कागदावर सापडायला हवा होता. कारकुनांनी काही ठिकाणी एकाच घरातल्या भावांना वेगवेगळी नावे दिली, काहींना अपमानकारक नावे चिकटवली, आणि ज्यांचे काहीच जमले नाही त्यांच्यापुढे ‘पितृनाम नाही’ अशी अक्षरे लिहिली. दुसऱ्या टोकाला इराक आहे. 1970 च्या दशकात तेथील बाथ पक्षाच्या राजवटीने गाव किंवा टोळी सांगणारी आडनावे सार्वजनिक जीवनात वापरण्यावर बंदी घातली. कारण उघडपणे एकतेचे सांगितले गेले. पण सत्तेच्या जागी बसलेल्यांपैकी इतके जण ‘तिक्रिती’, म्हणजे एकाच तिक्रित गावचे, कसे, हा प्रश्न त्या बंदीने आपोआप विचारण्याजोगा उरला नाही. सद्दाम हुसेन यांच्या नावामागचे अल-तिक्रिती असेच गळून पडले.

बीडचा निर्णय आणि बगदादचा निर्णय यांत हेतूचे जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे स्पष्टच म्हणतो. परंतु साधन एकच आहे, आणि साधनाचा गुण हेतूबरोबर बदलत नाही. आडनाव झाकले की भेद करू पाहणाऱ्याचे काम अवघड होते, तसेच भेद मोजू पाहणाऱ्याचेही. कोणत्या कचेरीत कोण बसले आहे, कोणाची बदली कोठे होते, कोणाच्या तक्रारी पडून राहतात, हे ज्याला तपासायचे आहे त्याला काहीतरी खूण लागते. ही खूण नागरिकाच्या डोळ्यांसमोरून काढणे आणि नोंदीतूनच पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते. पोलिसाच्या छातीवरची पाटी काढण्याला माझा पाठिंबा आहे, कारण तेथे एक बाजू सत्तेची आणि दुसरी गरजवंताची असते, आणि गरजवंताला पहिल्या क्षणी तरी अंदाज बांधत बसावे लागू नये. तोंडी परीक्षेत उमेदवाराचे आडनाव परीक्षकाला कळू नये, हेही मला तितकेच योग्य वाटते. पण पाठोपाठ निवडलेल्यांची आणि नाकारलेल्यांची पूर्ण मोजदाद प्रसिद्ध होत नसेल, तर ते झाकणे अर्धवट आहे आणि अर्धवट झाकणे बहुधा बसलेल्यांच्या सोयीचे असते.

याची साक्ष काढायला बीडच्या बाहेरही जावे लागत नाही. ज्या मराठवाड्यात नामफलकांवरून आडनावे निघाली, त्याच मराठवाड्यात 2023 पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन दप्तरे, मोडी आणि उर्दू कागद उलटून एक शब्द शोधण्याचे काम हाती घेतले. तो शब्द म्हणजे कुणबी. तोही मुळात धंद्याचाच शब्द, शेती करणारा या अर्थाचा. म्हणजे हद्दादच्याच जातकुळीतला. कोणा कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी पणजोबांच्या नावापुढे तो लिहिला की लिहिला नाही, यावर आज पणतवाचे प्रमाणपत्र ठरते. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे मिळावीत ही मागणी बरोबर की चूक हा स्वतंत्र विषय आहे. मला दिसते ते एवढेच की एका हाताने आपण धंद्याची खूण पाटीवरून पुसतो आणि दुसऱ्या हाताने तीच खूण बासनातून काढून उजेडात धरतो, आणि या दोन्ही कृतींना आपापले समर्थन आहे. आपल्याकडचा लोहार इतर मागासवर्गाच्या यादीत आहे आणि गाढवावर संसार लादून गावोगाव फिरणारा घिसाडी भटक्या जमातींच्या यादीत. नाव पुसले तर त्यांच्या हातचे काय जाते, हे ज्यांच्या नावापुढे काही लिहावे लागत नाही त्यांनी ठरवू नये.

आडनावाचा आग्रह कसा गंमतीचा होऊ शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायचे ठरवले, आणि दक्षिण भारतातल्या कितीतरी एकनावी माणसांची धांदल उडाली. वडिलांचे किंवा घराण्याचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असले तर चालेल, असा खुलासा नंतर झाला. तमिळनाडूत 1929 च्या चेंगलपट्टू येथील स्वाभिमान परिषदेपासून जातिवाचक नावे टाकण्याची चळवळ रुजली आणि पुढच्या पिढ्या एका नावावर आणि एका आद्याक्षरावर मजेत जगल्या. त्यांच्याकडे आडनाव मागत होता तो देश ज्या अरबी परंपरेतला, तिच्यात काही पिढ्यांपूर्वी अहमद बिन अली बिन सालिम एवढेच पुरत असे. मात्र तमिळनाडूचा अनुभवही पुरता दिलासा देत नाही, कारण आडनाव गेल्यानंतर शंभर वर्षे होत आली तरी तेथे जात गेली नाही. वेगळ्या गल्ल्या आणि वेगळी स्मशाने तशीच आहेत.

मग हद्दाद निरुपद्रवी झाले तसे लोहार होईल का? आपल्याकडेही लोहाराचा मुलगा अभियंता होतो, सुताराची मुलगी न्यायाधीश होते, आणि ऐरण केव्हाच विकली गेलेली असते. धंद्याची वाट मोकळी झाली, हे नाकारता येणार नाही. मोकळी झाली नाही ती लग्नाची वाट. साओ पावलोच्या हद्दादाची मुलगी खय्यात घरात जाते की नज्जार घरात, यावर कोणी वधूवर मेळावा भरवत नाही; तेथे भिंत पंथाची असते, धंद्याची नसते. आपल्याकडे मेळाव्याच्या फलकावर धंद्याचे नाव समाजाचे नाव म्हणून मोठ्या अक्षरांत असते, आणि आयोजकांत परदेशी शिकून आलेले लोक असतात. म्हणून सराफ हे आडनाव मराठीत अर्थमुक्त झाले आणि लोहार झाले नाही. सराफ हा शब्द कोणत्याही एका जातीचे नाव म्हणून रुळला नाही, तर लोहार हा आधी जातीचा आणि मग आडनावाचा शब्द आहे. नावे बदलून पाहणाऱ्यांनीही याचा अनुभव घेतला आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लावून घेतलेली आडनावे जात झाकतील अशी अपेक्षा होती. झाकलीही, पण पाच मिनिटांपुरती.

पवार, जाधव, काळे, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रात इतक्या निरनिराळ्या जातींत आहेत की केवळ त्यांवरून काही कळू नये. हद्दादप्रमाणेच ती सगळीकडे आहेत. पण एसटीच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस ‘आडनाव काय आपलं?’ असे विचारतो, आपण ‘जाधव’ म्हणतो, आणि तो क्षणभर थांबून, अगदी सौजन्याने, पुढचा प्रश्न विचारतो: ‘म्हणजे कोणते?’ बीडच्या ठाण्यात पाटीवर नुसते पहिले नाव वाचून तक्रार लिहायला बसलेला माणूसही काही वेळाने खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि विचारतो, ‘साहेब, गाव कोणतं आपलं?’